घर पाहून कळवा

मूल
२१ जानेवारी १९८५

प्रिय कांता,

सप्रेम जयभीम.

घर घेतलं. तुला आधी विचारायला हवं होतं. पण तू मेंडकीला, मी इथं, आणि घरमालक नानाजींना नागपूरला मुलीकडे जायची घाई. भाताच्या मिलच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. पुढे ओसरी, मग एकामागे एक दोन खोल्या, शेवटी स्वयंपाकाची खोली. मागे परसाला मोठी सांदवाडी, तिच्यात सीताफळाचं झाड आणि विहीर. विहीर शेजारच्या बायनाबाईंची आणि आपली मिळून आहे. भिंती मातीच्या, पण चांगल्या रुंद. वर कवेलूंचं छप्पर. नानाजींनी बरेच दिवस कवेलू फेरले नाहीत, त्यामुळे मधल्या खोलीत गळतं, आणि छपराच्या एका लाकडी फाट्याला उधई लागून तो पोखरला आहे. एवढं सोडलं तर घर चांगलं आहे.

विशू गेली तेव्हा पावसाळा होता. पुण्यानुमोदनानंतर थोडे दिवस आईजवळ राहा, असं मीच तुला म्हटलं. मग कोहकाटोल्याच्या शाळेतून माझी इथं बदली झाली. थोडे दिवस म्हणता म्हणता हिवाळाही सरत आला. मी एका गुरुजींच्या खोलीत पथारी टाकून राहतो. खानावळीचा डबा आहे. शाळा ठीक आहे. मुलं पुष्कळ आहेत.

पावसाळ्याच्या आत घर नीट करून घ्यायचं आहे. डोमा नावाचा मिस्त्री आहे, त्याला सांगून ठेवलं. चूल कुठल्या भिंतीला हवी, फळ्या कुठं ठोकायच्या, चुन्यात निळा टाकायचा की पिवळा, हे तू लिही. मग तू आलीस की सगळं तयार.

मामाजींना आणि आईंना जयभीम सांग.

तुझा
हरिदास


मेंडकी
२ फेब्रुवारी

तुमचं पत्र मिळालं. वर काय लिहावं ते सुचलं नाही. आधी ‘विशूच्या बाबांना’ असं लिहायची. आता जागा कोरी ठेवली.

मी बरी आहे. लाखोळी काढणं सुरू आहे, मायसोबत वावरात जाते. जेवते. झोपही येते.

रंगाचं नंतर पाहू. आधी घर पाहून कळवा. मिलच्या मागे आहे म्हणता. मिल म्हणजे कोंडा, कोंडा म्हणजे उंदीर, आणि जिथं उंदीर तिथं ते. माय म्हणते त्याचं नाव कागदावर लिहू नये. कोहकाटोल्यात आपण घर पाहिलंच नव्हतं. गावानं दिलं, आपण सामान उतरवलं आणि चूल पेटवली. ह्या वेळी पाहू.

चुलीच्या जागी मागची भिंत कशी आहे ते पाहा. न्हाणीचं पाणी जाते त्या भोकाला जाळी आहे काय. दार लावल्यावर खाली फट राहते काय. बोट घालून पाहा, अंदाजे सांगू नका. भिंत आणि कवेलू यांच्यामधून उजेड दिसते काय. जिथून उजेड येते तिथून तेही येते.

कांता


मूल
११ फेब्रुवारी १९८५

प्रिय कांता,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र आलं आणि बरं वाटलं. तू घराचा विचार करते आहेस, हे मी मुख्याध्यापकांनाही सांगितलं.

रविवारी डोमाला घेऊन गेलो. चांगला माणूस आहे, फक्त त्याला कुठंच काही बिघडलेलं दिसत नाही. प्रत्येक भिंतीवर थाप मारतो आणि म्हणतो, “मजबूत हाय गुरुजी.” मी तुझं पत्र हातात घेऊन एकेक पाहिलं. पुढच्या दाराखाली बोट घालत होतो, तर तो म्हणाला, “हे काऊन करून राह्यले?” मी म्हटलं, घरातून विचारलं आहे. 

तर ऐक. पुढच्या दाराखाली बोट सहज जातं. मागच्या दाराखाली दोन जातात, कारण चौकट एका बाजूला खचली आहे. न्हाणीच्या भोकाला जाळी नाही. चुलीमागे उंदरांनी बिळं केली आहेत, तिथली माती भुसभुशीत झाली आहे, हात लावला की पडते. मधल्या खोलीत भिंतीच्या वरच्या कडेला उजेड दिसतो, आणि पुढच्या खोलीतही थोडा दिसतो. उधईचा फाटा बदलावा लागेल. बाकी फाटे सागाचे आहेत, ठोकले तर खणखणीत वाजतात.

मधल्या खोलीत नानाजींची भाताची ढोली अजून तशीच उभी आहे, बांबूची, शेणानं लिंपलेली. जड आहे, दोघांनी हलली नाही. तिच्यामागची भिंत तेवढी पाहायची राहिली.

हे सगळं होण्यासारखं आहे. उंबरठे बसवू, जाळी लावू, बिळांत काच कुटून भरू. तू काळजी करू नकोस. निळा की पिवळा तेवढं कळव.

तुझा
हरिदास


मेंडकी
१९ फेब्रुवारी

ढोली हलवा. मागची भिंत पाहा आणि कळवा.

निजाची खोली मधलीच ना. मग तीच भिंत आधी पाहाची होती.

कांता


मूल
२७ फेब्रुवारी १९८५

प्रिय कांता,

सप्रेम जयभीम. ढोली काढली. शेवटी डोमानं ती कुऱ्हाडीनं फोडली, कारण दारातून जाईना. मागे विशेष काही नाही. धूळ, जुना कोंडा, ओलीचा एक डाग. भिंत चांगली आहे. तू निश्चिंत राहा.

शाळेत परवा स्नेहसंमेलन झालं. माझ्या वर्गानं नाच बसवला होता. मी बाजाची पेटी वाजवली.

होळीपर्यंत येशील का? चांगल्या घरात राहायला लागलं की माणसाला चांगलं वाटतं, असं इथले सगळे म्हणतात.

तुझा
हरिदास


मेंडकी
५ मार्च

बाबा सोमवारी तांदूळ घेऊन मूलले आले होते. तुम्ही शाळेत होते म्हणून घरावर गेले. तिथं डोमा मिस्त्री होता. बाबांनी आपण कोण ते सांगितलं, तर तो बोलता बोलता म्हणाला, “ढोलीमागं कात निघाली ना बाबाजी, हे एवढी.” आणि दोन्ही हात पसरून दाखवले.

बाबा मला सांगणार नव्हते. जेवताना मायजवळ हळूच बोलत होते, ते मी ऐकलं.

घर पाहून कळवा, असं मी लिहिलं होतं. मला बरं वाटेल असं कळवा, असं नव्हतं लिहिलं.

मी होळीले येत नाही.

कांता


मूल
२० मार्च १९८५

प्रिय कांता,

हो. कात होती. ढोली आणि भिंत यांच्यामध्ये, उभीच, भिंतीला चिकटून. पूर्ण होती, डोळ्यांच्या जागेसकट. डोमानं काठीवर घेतली आणि म्हणाला, “धामणीची हाय गुरुजी. गरीब राह्यते.” मी विचारलं, तुला कसं समजलं? तर म्हणाला, “कातीवरून कोनाले समजते? पन आपलं म्हनायचं.”

मी ती नाल्यावर नेऊन जाळली. हातपाय धुतले, खोलीवर आलो, डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती. मग वह्या तपासल्या. मला भीती वाटली नाही, की राग आला नाही. काहीच वाटलं नाही. तुला काय लिहावं याचाही विचार केला नाही. हात आपोआप लिहीत गेला, की काही नव्हतं.

तू त्याचं नाव लिहीत नाहीस. मी एकदा लिहितो. मण्यार. त्या रात्री विशू आपल्या दोघांच्या मध्ये चटईवर होती. चावली ते तिलाही कळलं नाही. पहाटे पोट दुखतं म्हणाली, आपण ओवा दिला. मग म्हणाली, झोप येते. तिच्या पापण्या मिटत होत्या आणि आपल्याला वाटलं झोपच आहे. शेजारची सोमारी आली आणि तिनं पायावरचा ठिपका दाखवला, तेव्हा उजाडलं होतं. नाल्याला पूर होता. बुधूनं बैलगाडी पाण्यात घातली, बैल पुढं जाईनात. अलीकडच्या काठावरच ती गेली. हे तुला माहीत आहे. पण आपण दोघं हे एकमेकांजवळ कधी बोललो नाही, म्हणून लिहिलं.

आता या घराला एकही भोक राहू देणार नाही. तू पाहशीलच.

हरिदास


मूल
१४ एप्रिल १९८५

प्रिय कांता,

सप्रेम जयभीम. तुझं उत्तर नाही. आज जयंती. सकाळी मिरवणुकीत गेलो होतो, अर्ध्यातून परत आलो.

शाळा सकाळची झाली आहे. दुपारपासून मी घरावरच असतो. आधी मधल्या खोलीची जमीन खोदायला घेतली, कारण ओलीचा डाग कुठून येतो ते पाहायचं होतं. खाली एक बीळ लागलं. ते भिंतीत जात होतं, म्हणून भिंतीचा खालचा भाग उकरला. ते पुढच्या खोलीत निघालं. तिथंही खोदलं. मग वाटलं, वर काय असेल? म्हणून कवेलू उतरवले. सगळे. सांदवाडीत रचून ठेवले आहेत. फाट्यांवर काही नव्हतं, चिमण्यांची घरटी होती.

डोमानं चार दिवस खोदलं. पाचव्या दिवशी थापी टाकून म्हणाला, “गुरुजी, घर दुरुस्त करून राह्यले का पाडून राह्यले, एकदाचं सांगा.” मी म्हटलं, भोक सापडेपर्यंत खोद. तो म्हणाला, “कोनतं भोक?” मी पुन्हा खोदायला लागलो. तो निघून गेला. तेव्हापासून आला नाही.

बायनाबाई कुंपणापलीकडून पाहतात. एकदा ताक घेऊन आल्या होत्या. काय शोधता म्हणून विचारलं. मी ओल म्हणालो. इथं आपल्याबद्दल कोणाला काही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

मुख्याध्यापकांनी काल बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, घराचं काम चालू आहे.

मी आता ओसरीत झोपतो. तिथली जमीन खोदून झाली आहे, त्यामुळे तिची खात्री आहे.

हरिदास


मेंडकी
३ मे

दोन्ही पत्रं मिळाली. उशीर झाला, कारण मी इथं नव्हती. कोहकाटोल्याला गेली होती.

तुम्ही ते सगळं लिहिलं, नालासुद्धा लिहिला, तेव्हा मी पत्र उशाखाली ठेवलं आणि रोज वाचलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. मग मायले म्हटलं, मले ते घर पाहाचं हाय. माय भांडली. बाबा म्हणाले, जाऊ दे, मी सोबत जातो. आरमोरी, गडचिरोली करत धानोऱ्याला उतरलो. तिथून पायी. नाला कोरडा होता. पोरं त्याच्या रेतीत झरा खोदून पाणी पीत होती. मी ओलांडून गेली.

मोहफुलाचे दिवस सरत आले होते. सगळ्या गावात तो वास. सोमारी अंगणात मोहफुलं वाळवत होती. मला पाहून उभी राहिली, मग परत बसली आणि म्हणाली, “गुरुजीन, बस.”  पाणी दिलं.

आपल्या घरात आता बुधूचा झिंगू आणि त्याची बायको सुकरी राहतात. त्यांना लेकरू झालं आहे, मुलगी, अजून बसतही नाही. मी दारात गेली, तर सुकरी खुशीनं आत ये म्हणाली. लेकरू खालीच निजलं होतं, चटईवर. त्याच जागी. दुसरी जागा आहेच कुठी त्या घरात.

मी म्हटलं, “हिले खाटेवर निजवत जा.”

ती म्हणाली, “खाटेवरून पडते ना बाई. दोनदा पडली.”

मग तिनं लेकरू उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, “थोडी धर, मी मोह गोळा करून येते.” गेली ती गेलीच. मी धरून बसली. मला वाटलं होतं, मी तिथं गेली की चक्कर येईल, काहीतरी होईल. काही नाही झालं. लेकरानं लुगडं ओलं केलं. मी तशीच बसली होती. समोर भिंतीच्या बुडाशी ते भोक होतं. बुजवलेलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहत राहिली. त्यातून मुंग्यांची रांग बाहेर येत होती. दुसरं काही आलं नाही.

मग मी सगळं घर पाहिलं, बसल्या बसल्या. तुम्हाला मूलचं घर पाहायला लावलं तसं. दाराखालून हात जाईल एवढी फट. वर चारी बाजूंनी उजेड. भिंतीत इतकी भोकं की मोजता येणार नाहीत. आपण त्या घरात दोन पावसाळे काढले. विशू रोज तिथं निजायची. आणि रोज सकाळी उठायची. उठून तुमच्या आधी शाळेत जाऊन बसायची. डोक्याला तेलही लावू द्यायची नाही. तेवढ्या सगळ्या सकाळी त्या घरातच झाल्या. त्या मी विसरून गेली होती. एकच सकाळ धरून बसली होती.

सुकरी आली. लेकराला घेतलं. तिला ते भोक दाखवलं, तर तिनं ओली माती आणून दाबली आणि हात झटकले. सोमारीनं निघताना मोहफुलांची पुरचुंडी दिली.  

तुम्ही घर खोदून टाकलं म्हणता. आता खोदू नका. भोक सापडणार नाही, आणि सापडलं तरी ते त्या रात्रीचं नाही. मी येते. मी माझ्या डोळ्यांनी पाहीन.

कांता


मूल
१० मे १९८५

प्रिय कांता,

तू येतेस म्हणालीस. मी पत्र दोनदा वाचलं आणि मग घरात जाऊन उभा राहिलो. तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की मी काय करून ठेवलं आहे. वर आभाळ आहे आणि खाली खड्डे. दाराला चौकट आहे पण दार काढून ठेवलं आहे. तुला कुठं बसवू, ते मला समजत नाही.

आणखी थोडे दिवस दे. डोमाकडे जाऊन आलो, तो भेटला नाही. निदान एका खोलीवर कवेलू चढवतो, मग ये.

तुझा
हरिदास


मूल
२८ मे

ती. बाबांस,

कांताचा जयभीम. पोचल्याबरोबर पत्र टाक म्हणाले होते, ते राहून गेलं. रागावू नका. मायले वाचून दाखवा.

मी त्यांच्या पत्राची वाट न पाहता निघाली, तुम्हीच बसवून दिलं. नागभीडले गाडी बदलली. मूलले उतरली तेव्हा ऊन भयंकर होतं. विचारत विचारत मिलच्या मागे गेली. ते सांदवाडीत कवेलू पुसून पुसून रचत होते. इतके वाळले आहेत, बाबा, की आधी मी ओळखलंच नाही. दुसराच कोणी मजूर वाटला. मला पाहून म्हणाले, “आत येऊ नको, खड्डे हायेत.” मी म्हटलं, “खड्डेच पाहाले आली.”

मग त्यांनी एकेक दाखवलं. हे इथून खोदलं, ते तिथं निघालं. शाळेत फळ्यावर समजावून सांगतात तसं सांगत होते. मी सगळं ऐकलं. हातानं चाचपून पाहिलं. भिंती खरंच रुंद आहेत. मधली खचली नाही. फाटे चांगले आहेत, विहिरीचं पाणी गोड आहे. मी त्यांना तसं सांगितलं. ते दारात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी डोमाच्या घरी गेली. त्याची बायको अंजनाबाई भाकरी करत होती. मी म्हटलं, भाऊ, मी गुरुजींची बायको. आता तुम्हाला काय करायचं ते मी सांगीन. तो म्हणाला, “बाई, ते काय शोधून राह्यले होते, तेवढं सांगा. माह्या डोक्यात बसलं हाय ते.” मी त्याला सांगितलं. चुलीजवळ उभी राहून सगळं सांगितलं, कोहकाटोल्याचं. अंजनाबाईची भाकरी तव्यावर करपली. डोमा उठला, गमछा खांद्यावर टाकला आणि आला.

आता दोन खोल्यांवर कवेलू चढले आहेत. उधईचा फाटा बदलला. खड्डे बुजवून मुरूम टाकला, चोपणीनं चोपला. न्हाणीला जाळी बसली. दाराखाली उंबरठे लावले, तरी मागच्या दाराला थोडी फट राहिलीच. डोमा म्हणाला, दार आणखी तासलं तर लागणारच नाही. मी म्हटलं, राहू द्या. रात्री तिथं पोतं लावून ठेवते. दोन खाटा विणून घेतल्या. भीती गेली नाही, बाबा. संध्याकाळ झाली की कोपरे पाहते. पण पाहून झालं की स्वयंपाकाला लागते.

लिहायचं होतं ते वेगळंच. काल मागच्या दारापुढची जमीन सारवत होती. बायनाबाई मदतीला आल्या होत्या. वयानं मोठ्या आहेत, मनानं चांगल्या. शेण कालवता कालवता त्यांनी विचारलं, जसं सगळेच विचारतात, “लेकरं किती तुले?”

हे बाजूला विहिरीवर पाणी काढत होते. दोर तसाच थांबला. मला समजलं, की आजपर्यंत त्यांनी ह्या प्रश्नाला नाही असंच उत्तर दिलं असेल. मी म्हटलं, “एक मुलगी. विशाखा. सहा वर्षांची होती. मागच्या पावसाळ्यात साप चावून गेली.”

माय, मी त्याचं नाव लिहिलं. राग मानू नको.

बायनाबाईंचे हात शेणातच राहिले.  मग त्यांनी मला नाही, ह्यांनाच विचारलं, “कशी होती, गुरुजी?”

मला वाटलं, हे उठून जातील. ते बादली खाली ठेवून विहिरीच्या काठावर बसले. आणि सांगायला लागले, की ती शाळेत नाव नसतानाच शेवटच्या ओळीत येऊन बसायची. हे हजेरी घ्यायचे. जंगलातली पोरं, मोहाच्या दिवसांत अर्धी यायचीच नाहीत. तर जो नसेल त्याच्या नावाला हीच मागून ‘हजर’ म्हणायची. एकदा तालुक्याहून साहेब आले तपासणीला. त्यांनी स्वतः हजेरी घेतली. प्रत्येक नावाला हजर. साहेबांनी मान वर करून पाहिलं, तर समोर सगळी मिळून सातआठ पोरं. हे घाबरून उभे. आणि ही मागे तोंडावर हात धरून बसलेली.

बायनाबाई म्हणाल्या, “मंग?”

“मंग काय,” हे म्हणाले. “साहेबांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुझं नाव काय. तर म्हणते, माह्यं नाव वहीत नाई.”

बायनाबाई हसल्या. डोमा वर कवेलूवर होता, तोही हसला. मलाही हसू आलं, आणि त्याच्याच मागोमाग रडू आलं, इतके दिवस न आलेलं, सारवल्या जमिनीवर बसून. ह्यांनी थांबवलं नाही. तेही तिथंच विहिरीच्या काठावर बसून रडत होते. बायनाबाईंनी माझ्याजवळून शेणाची टोपली उचलली आणि उरलेली जमीन सारवून टाकली.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, बाबा. माझ्याजवळ जेवढी विशू आहे तेवढीच ती होती, असं मी धरून चालली होती. त्यांच्याजवळची वेगळीच निघाली. मला अजून ती पुरती ऐकायची आहे.

तुमची
कांता